सरळ करताना

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीने एकच गोष्ट मागितली. कपाटातल्या जुन्या अल्बममधले फोटो मोठे करून हवे होते. मी म्हटले, रविवारी करून देते. त्याला तीन आठवडे लागले.

अल्बम चिकट पानांचा. पातळ प्लास्टिक उचलायचे, फोटो ठेवायचे, प्लास्टिक परत दाबायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत डिंक असा घट्ट धरलाय की फोटो ओढला तर कागदाची साल निघते. म्हणून जोगेश्वरीच्या घरी स्कॅनर आणला आणि पानेच्या पाने 600 डीपीआयला स्कॅन केली. एका पानावर चार-पाच फोटो, आणि प्रत्येक वेगळा तिरका. अब्बा रात्री ड्युटीवरून येऊन फोटो लावायचे, सरळ लागलाय की नाही हे कोण बघतो?

गिम्प हे फुकटचे सॉफ्टवेअर शाळेच्या कामामुळे थोडे येत होते. त्यात मोजपट्टीचे एक साधन आहे. जी रेघ आडवी असायला हवी तिच्यावर ती पट्टी ओढायची आणि ‘स्ट्रेटन’ दाबायचे, चित्र तेवढ्या अंशांत फिरते. मराठी दाखले मी असेच सरळ करते. शिरोरेषेवर पट्टी टेकवली की काम झाले. देवनागरीने आपल्या डोक्यावरच रेघ ओढून ठेवलीय.

तीच सवय मला नडली. फोटोंच्या खाली अब्बांनी उर्दूत नावे लिहिली होती. मी त्या अक्षरांवर पट्टी ठेवली आणि फोटो आणखीच कलंडला. वर्गात मुलांना नस्तालीक शिकवणारी मी, आणि एवढे लक्षात येऊ नये! नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत बैठकीच्या रेघेवर येऊन टेकतो. तो उतार ही चूक नाही, ती त्या लिपीची चाल आहे. ही चाल छपाईत आणणे इतके अवघड होते की उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिबांच्या हाताने लिहिली जात. 1981 मध्ये नूरी नस्तालीक आले तेव्हा कुठे यंत्राला ती जमली. मग मी पट्टी फोटोच्या कडेवर ठेवायला लागले.

फिरवल्यावर चार कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात. ते दिसायला वाईट, म्हणून मी ‘क्रॉप टू रिझल्ट’ निवडले. सॉफ्टवेअर आत बसेल तेवढा चौकोन ठेवते आणि बाकीचे टाकते. शिवाय मूळ पानावरून फोटो कापतानाच पुठ्ठा दिसू नये म्हणून मी आतून कापत होते. म्हणजे कड दोनदा गेली. तेरा सेंटीमीटर उंचीच्या फोटोत चार अंशांचा कल म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकांत साधारण नऊ मिलिमीटरचा फरक. ऐकायला कमी वाटते.

सगळे झाल्यावर लॅपटॉप अम्मीसमोर ठेवला. ती एकेक फोटो बघत दुवा देत होती. एका फोटोवर थांबली. अब्बा तरुण, पांढरा शर्ट, खुर्चीवर बसलेले.

‘‘आपा का हाथ कहां गया?’’

मला कळेना. तिने अल्बम मागवला. मूळ फोटोत अब्बांच्या खांद्यावर, अगदी कडेला, एक लहान हात होता. बाकीची आपा फोटोवाल्याच्या चौकटीबाहेर राहिलेली. आपा माझ्या जन्माआधीच गेली, तापाने. तिचा दुसरा फोटो घरात नाही. मी हा फोटो शंभरदा पाहिला होता, हात कधी पाहिला नव्हता. अम्मी मात्र एवढी वर्षे तोच बघत होती.

नशिबाने मूळ स्कॅन ठेवले होते. त्या रात्री पुन्हा बसले. या वेळी फोटोभोवती पुठ्ठ्याचा चांगला बोटभर भाग ठेवून कापला. फिरवताना ‘क्रॉप’ऐवजी ‘अ‍ॅडजस्ट’ निवडले, त्यात काहीच कापले जात नाही, फक्त चौकट मोठी होते. आणि एकदाच फिरवले. नव्वद अंश फिरवले तर पिक्सेल फक्त जागा बदलतात, पण दोन-चार अंश फिरवले की प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांवरून नव्याने हिशेब करून भरला जातो, आणि दर खेपेला चित्र थोडे मऊ होते. म्हणून कोन चुकला तर फिरवलेल्यालाच परत फिरवू नये, मुळापासून सुरुवात करावी.

कोपऱ्यातले पुठ्ठ्याचे तुकडे तसेच राहू दिले. खालचे अब्बांचे अक्षरही राहू दिले, त्याच्या उतारासकट.

घाटकोपरच्या स्टुडिओतून मोठी प्रिंट करून आणली. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, या कडा कापून देऊ का? साफ दिसेल.’’

मी नको म्हटले. अम्मीने फोटो पलंगासमोर लावलाय. खिळा मीच ठोकला. थोडा तिरका बसलाय.