शांततेचे भाडे

लिहिणाऱ्या माणसाला शांतता लागते, असा एक समज आहे. तो जगात कुणी पसरवला हे मला ठाऊक नाही. पण आमच्या घरात तो मी पसरवला, हे कबूल केले पाहिजे. वाईला आमचे घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत माझे टेबल आणि आतल्या खोलीत उरलेला सगळा संसार. मी टेबलाशी बसलो की आतून 'शूः' असा आवाज येतो, आणि मग भांडीदेखील अनवाणी चालू लागतात. मुले ओठ न हलवता कविता पाठ करतात. कुकरने तिसऱ्या शिट्टीसाठी श्वास घेतला की सौ. धावत जाऊन गॅस बंद करते. शेजारीण आली तर तिला मागच्या दाराने घेते आणि कुजबुजत सांगते, "हे लिहिताहेत."

इतका बंदोबस्त असूनही माझी कादंबरी गेले वर्षभर आठव्या प्रकरणात रुतून बसली होती. दोष कुणाला द्यावा? मी दूधवाल्याच्या घंटेला दिला, शेजारच्या टीव्हीला दिला, घाटावरच्या लाउडस्पीकरला दिला. "एकदा चार दिवस खरी शांतता मिळाली ना, की प्रकरण हातावेगळं करतो," असे मी येईल-जाईल त्याला ऐकवीत असे. देव अशी वाक्ये ऐकत नाही. पण मेहुणे ऐकतात.

माझ्या मेहुण्याला त्याच्या कंपनीने बक्षीस म्हणून अंदमानच्या एका बेटावर चार रात्रींचा मुक्काम आणि जाण्यायेण्याची तिकिटे दिली होती. मुलीची परीक्षा आडवी आली आणि त्याने ते सगळे आमच्या नावावर करून दिले. "भावजी, तिथं फक्त जंगल आणि समुद्र. टीव्हीसुद्धा नाही. तुम्ही लिहा पोटभर, आणि ताईला विश्रांती," असे म्हणून तो मोकळा झाला. मुलांना आजोळी ठेवून गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे निघालो. माझ्या पिशवीत कोऱ्या कागदांचे दोन ताव होते. तिच्या पिशवीत बेसनाचे लाडू, मेतकूट आणि, कशाला ते देव जाणे, एक किसणी.

पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. मराठी माणूस तिथे उतरला की त्याची पावले आपोआप सेल्युलर जेलकडे वळतात. सात भुजांचा हा तुरुंग १९०६ साली पुरा झाला. आज त्यातल्या तीनच भुजा उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीपाशी आम्ही उभे राहिलो. १९११ पासून दहा वर्षे ते अंदमानात होते. हाती कागद नसताना त्यांनी 'कमला' काव्य रचले, भिंतीवर कोरले आणि पाठ करून ठेवले. मी खांद्यावरची कागदांची पिशवी नकळत पाठीमागे सरकवली. लेखक म्हणवून घेणाऱ्याने तिथे फार वेळ थांबू नये.

पुढचा प्रवास बोटीचा. हॅवलॉक हे बेटाचे जुने नाव. २०१८ पासून ते स्वराजद्वीप म्हणून ओळखले जाते. देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना इथे वसवण्यात आले. म्हणून गावांची नावे गोविंदनगर, कृष्णनगर, राधानगर अशी वैष्णव आहेत. राधानगरच्या किनाऱ्याला 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले. आमचा मुक्काम त्याच अंगाला होता.

त्या जागेचे वर्णन कसे करू? झाडीत लपलेल्या लाकडी कुटी. भोवती पन्नास पन्नास हात सरळ गेलेले वृक्ष, आणि काहींच्या बुंध्याशी भिंतीसारखी उभी राहिलेली मुळे. त्या भिंतींच्या आडोशाला एखाद्याने बिऱ्हाड थाटावे! वर पोपटांचा कलकलाट, खाली पानांचा चिखलगाळ, आणि झाडीपलीकडे समुद्राचा अखंड घोष. आत शिसवी रंगाचे टेबल, पांढरीशुभ्र गादी, आणि एक छापील कार्ड. कार्डावर लिहिले होते की येथे टीव्ही नाही, मोबाइलला पुरती रेंज नाही, वाहनांचा आवाज नाही. आमच्या लहानपणी हे सगळे घरात नव्हते, तेव्हा त्याला गरिबी म्हणत. आता त्याला चैन म्हणतात. कार्डाच्या मागे एका रात्रीचा दर होता. तो वाचून सौ. पलंगावरून उठली आणि जमिनीवर बसली.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. पण खालच्या वर्गांना भूगोल शिकवता शिकवता रेखांशांचा हिशेब अंगवळणी पडला आहे. आमची वाई ७४ रेखांशाच्या आसपास आणि हे बेट ९३ च्या. अंतर १९ अंशांचे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सूर्य इथे वाईपेक्षा सव्वा तास पुढे. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे दुपारचा चहा संपतो न संपतो तोच सूर्य समुद्राला टेकतो आणि सव्वापाचला दिवेलागण होते. म्हटले, छान, रात्री मोठ्या, लिहायला वेळ भरपूर!

पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसलो. शांतता होती. दुसऱ्या दिवशीही बसलो. आणखी शांतता होती. पेनाला टोपण लावले, काढले, लावले. कागदावर मी एक झाड काढले आणि त्याला मुळे काढली. कुणावर चिडावे तर चिडायला कुणी नव्हते.

सौ.ची अवस्था माझ्याहून बिकट. खोली आवरायला मुलगा येई, त्याच्या आधीच ती चादरीची घडी घालून ठेवी. चहाचे कप ती न्हाणीघरात विसळून पालथे घाली. तिसऱ्या खेपेला तो मुलगा हात जोडून म्हणाला, "माताजी, असं केलंत तर साहेब मला ओरडतील." तेव्हापासून ती हात मांडीवर ठेवून पायरीवर बसू लागली. तिचे हात असे स्वस्थ मी लग्नात, हार घालण्यापूर्वी पाहिले असतील, तेवढेच.

मग तिने किनाऱ्यावर शंख वेचले. तिथल्या वृद्ध बंगाली माळ्याने ते पाहिले आणि सांगितले, की शंखशिंपले बेटाबाहेर न्यायला बंदी आहे. शिवाय रिकामे शंख खेकड्यांना लागतात. मऊ पाठीचा तो खेकडा मोठा झाला की जुना शंख सोडून मोठ्या शंखात राहायला जातो. सौ.ने ओटीतले सगळे शंख पुन्हा वाळूवर मांडले, तेही आकाराप्रमाणे ओळीने. "कुणाला खोली मिळेना, असं नको," ती म्हणाली.

त्या माळ्याशी तिचे जमले. तिचे हिंदी वाईचे, त्याचे बंगालचे; पण दोघांना एकमेकांचे सगळे कळे. त्यानेच तिला राजन हत्तीची गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकात लाकूडकामासाठी हत्ती अंदमानात आणले, त्यांतला हा एक. बेटाबेटांवरचे ओंडके ओढायला त्यांना समुद्रात पोहायला शिकवले गेले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने झाडतोडीवर कडक बंधने आली आणि राजनचे काम संपले. पुढे तो याच बेटावर राहिला. पाण्यात पोहणारा हत्ती म्हणून जगभरचे लोक त्याला बघायला, त्याची छायाचित्रे घ्यायला येत. २०१६ साली तो गेला.

"पण त्याला पोहायला आवडायचं का?" सौ.ने विचारले.

माळी हसला. "हत्तीला कोण विचारणार, दीदी?"

ती हसली नाही. संध्याकाळपर्यंत ती गप्पच होती.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. सूर्य बुडाला होता. ओहोटी लागली होती. शेवटचे प्रवासी उठून गेले. मी म्हणालो, "अगं, बोल की काहीतरी."

"तुम्ही लिहायला आलात ना? मनात काही चाललं असेल, म्हणून गप्प बसले."

"घरी तरी तू कुठं बोलतेस?"

"घरी तुम्ही लिहीत असता."

त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो आहे, असे सांगावे तसे ती बोलली. मग थोड्या वेळाने, समुद्राकडे पाहतच म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ लागली होती."

मी नुसता पाहत राहिलो.

"काही नव्हतं हो. साधी निघाली. साताऱ्याला जाऊन तपासून आले. शेजारच्या वहिनी होत्या बरोबर. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, तेवढेच काय ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सहावं प्रकरण चाललं होतं तुमचं."

वाचकहो, त्या कादंबरीतले सहावे प्रकरण मला सर्वांत अधिक आवडते. ते आठ दिवस मला चांगले आठवतात. भराभर एकसष्ट पाने लिहून झाली होती. घर कधी नव्हते इतके शांत होते, आणि 'या आठवड्यात घरात अगदी देवळासारखी शांतता आहे' असे मी एका मित्राला सांगितलेही होते. त्या शांततेत आत कोण काय करीत बसले होते, ते मला त्या बेटाच्या वाळूवर कळले. कार्डावर छापलेला एका रात्रीचा दर वाचून मी चपापलो होतो. पण घरच्या शांततेचे भाडे कोण भरते आहे, याची चौकशी मी कधी केली नव्हती.

काय बोलावे ते सुचेना. लेखकाला अशा वेळी शब्द सुचतात, हाही एक समजच. मी तिचा हात हातात घेतला. किसणीचे आणि विळीचे बारीक व्रण बोटांना लागले. "मला सांगायला हवं होतंस," एवढेच म्हणालो. आणि लगेच लक्षात आले की हेदेखील मी तिच्याच माथी मारतो आहे. म्हणून पुन्हा म्हणालो, "मी विचारायला हवं होतं."

"चला," ती म्हणाली, "मगरीची पाटी आहे तिकडे." आणि उठता उठता तिने पदराने डोळे पुसले.

त्या रात्री आम्ही खूप बोललो. म्हणजे ती बोलली. मुलगा गणितात मागे का पडतो, वहिनींच्या घरी काय चालले आहे, तिला पोहायला शिकायचे होते पण कृष्णेच्या काठी राहूनही राहून गेले, असे कितीतरी. चौथ्या दिवशी सकाळी, ओहोटीच्या पाण्यात, पातळ खोचून, माझा हात धरून ती कमरेइतकी आत गेली. लाट आली की किंचाळे आणि हसे. मी विचारले, "आवडतंय का?" तिने नुसती मान हलवली.

कोऱ्या कागदांचे दोन्ही ताव मी तसेच परत आणले. फक्त एकावर झाड होते.

आता घरी माझे टेबल दोन खोल्यांमधल्या दाराशी सरकवले आहे. तिथे वारा लागत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो, आणि फोडणीचा ठसका थेट नाकात येतो. आठवे प्रकरण पाऊसकाळ संपता संपता पुरे झाले. ते सहाव्याइतके सफाईदार नाही. त्यात माणसे मधेच बोलतात, एकमेकांचे वाक्य तोडतात.

हा लेख लिहीत असताना आत चकल्यांचा घाणा चालला आहे. मुलांचे भांडण रंगात आले आहे. कुकरने तिसरी शिट्टी दिली, मग चौथी दिली, आणि झाऱ्यासकट दारात येऊन सौ. विचारते आहे,

"अहो, आवाज होतोय का फार?"

"होऊ दे," मी म्हणालो. "पण आधी सांग, वहिनींचं पुढं काय झालं?"