तेलाचा हात

आपल्या मराठी घरांत मायेला नेहमी काही तरी निमित्त लागते. उगीच जवळ घेणे आपल्याला जमत नाही. कुणी पाहिले तर दोघेही ओशाळतात. म्हणून आपण निमित्ते काढली आहेत. दृष्ट लागू नये म्हणून गालांवरून हात उतरवायचे, ताप पाहायचा म्हणून कपाळाला हात लावायचा, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे मिसरूड फुटलेल्या मुलालाही पाटावर बसवून त्याची पाठ हक्काने रगडायची. ज्या मुलाशी वर्षभर 'जेवलास का' यापलीकडे बोलणे झालेले नसते, त्याच्याशी आईचे हात त्या पाच मिनिटांत पुष्कळ बोलून घेतात.

फक्त एका वयाला असे निमित्त लागत नाही, आणि ते म्हणजे तान्हेपण.

आमच्या दौंडला, स्टेशनाजवळच्या आळीत, बाळांना न्हाऊ घालणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचे खरे नाव बहुधा त्यांच्या रेशनकार्डालाच ठाऊक असावे. उभी आळी त्यांना मावशीच म्हणते. पाय लांब करून त्या बसतात, दोन्ही पायांच्या मधल्या खोलगटीत बाळाला पालथे घालतात, कोमट खोबरेल तळव्यांवर चोळतात, आणि मग त्यांचा हात मानेपासून सावकाश खाली उतरू लागतो. बाळ आधी रडते, मग हुंकारते, मग त्याचे डोळे जड होतात. एकदा शेजाऱ्यांच्या जावयाने त्यांना विचारले, "मावशी, एवढंसं पोर, त्याला काय कळतंय?"

मावशी म्हणाल्या, "त्याला तेवढंच कळतंय."

हे उत्तर पुढे मला शास्त्रज्ञांच्या लिखाणात पुन्हा भेटले. गर्भ आठेक आठवड्यांचा होतो न होतो तोच, डोळे आणि कान कामाला लागण्याच्या पुष्कळ आधी, ओठांभोवतीची त्वचा स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागते. आपल्या मेंदूवर साऱ्या अंगाचा एक नकाशा असतो. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३७ साली तो जगापुढे मांडला. त्यात एवढ्या रुंद पाठीला एखाद्या बोळाइतकी जागा, आणि ओठांना नि बोटांना मात्र चौसोपी वाडे! २०१८ साली काही संशोधकांनी ६० दिवसांच्या बाळांच्या डोक्यावर विजेच्या लहरी टिपणारी टोपी घालून त्यांच्या ओठांना, हाताला आणि पावलाला हलकेच स्पर्श केला. तिन्हींच्या खुणा मेंदूत निरनिराळ्या जागी उमटल्या, आणि सर्वांत ठसठशीत उमटली ती ओठांची. बाळाला 'इकडे ये' हे शब्द कळत नाहीत, पण आपले अंग कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचा हिशेब त्याने केव्हाच मांडायला घेतलेला असतो.

दौंडचा माणूस असल्या गोष्टी रेल्वेच्या भाषेतच समजून घेणार. त्वचेपासून मेंदूकडे स्पर्शाच्या दोन गाड्या सुटतात. एक मेल. काय लागले, कुठे लागले, ही खबर ती क्षणात पोचवते. दुसरी पॅसेंजर, सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकणारी. तिला हवा असतो ऊबदार, सावकाश फिरणारा हात. आणि ती खबर आणत नाही, बरे वाटणे आणते. तिला आवडणारी हाताची गती सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या आसपास आहे. या गतीने मऊ कुंचला अंगावरून फिरवला की नऊ महिन्यांच्या बाळांच्या हृदयाचे ठोके संथ होतात, असे २०१४ साली आढळले. हे वाचल्यावर मी मावशींच्या नकळत घड्याळ लावून पाहिले. वीतभर पाठ उतरायला त्यांच्या हाताला सहा-सात सेकंद लागले! शिवाय बाळाच्या मेंदूत आधी पक्के रूळ आणि मग गाडी, असा क्रम नसतो. गाड्या धावतील तसे रूळ पक्के होत जातात.

म्हणून आजीबाईंचे सगळेच बरोबर, असे मात्र समजू नये. मायामीला १९८६ साली मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे, असे दहा दिवस मालीश केले. त्यांचे वजन रोज इतर बाळांच्या मानाने ४७ टक्के अधिक वाढत गेले. मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. काही बाळांना त्यांनी खोबरेल लावले, काहींना खनिज तेल, काहींना नुसती पावडर. मुदतीआधीच्या बाळांत खोबरेलवाल्यांची वजने अधिक वेगाने वाढली. पण वागणुकीच्या चाचण्यांत तिन्ही गटांत फरक दिसला नाही. तेव्हा खोबरेलाने बाळ हुशार होते असे कुणी सांगितले, तर नुसते हसावे. आणि नाकाकानांत तेल सोडणे, हातपाय ओढून अंग 'मोकळे' करणे, हे तर डॉक्टर निक्षून नको म्हणतात. गुण हळूवार हाताचा आहे, जोराचा नाही.

हे मला खरे उमगले ते माझ्या धाकट्या बहिणीचा नातू आठव्या महिन्यात जन्मला तेव्हा. वजन अवघे सोळाशे ग्रॅम. रात्रीतच मायलेकरांना पुण्याला हलवले. आळीतल्या बायका कुजबुजल्या, "सातमाशी जगतं, आठमाशी नाही." डॉक्टरांचा हिशेब नेमका उलटा, पोटातला एकेक आठवडा बाळाच्या पदरात जमाच होत असतो. पण काचेच्या पेटीतले ते मुठीएवढे तोंड पाहिल्यावर हिशेब कुणाला सुचतो?

सून अजून उठू शकत नव्हती. तिसऱ्या दिवशी सिस्टर भाच्याला म्हणाल्या, "शर्टाची बटणं काढा." आणि बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवून वरून चादर बांधली. कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, म्हणून १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी ही तऱ्हा सुरू केली. कांगारूवरून तिला नाव पडले. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत पाहणी झाली, तिचे आकडे २०२१ साली आले. लहानखुऱ्या बाळांना जन्मल्याबरोबर असे छातीशी धरले, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शंभरांत १५.७ वरून १२ वर आले. ही किमया कातडीला लागलेल्या कातडीची!

आमचे मेहुणे राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले. मुलाच्या पाठीवर त्यांचा हात आजवर पडला असेल तो धपाट्यापुरताच. ते दाराच्या काचेतून बराच वेळ पाहत राहिले. मग आत आले, कोपरापर्यंत हात धुतले आणि सिस्टरना म्हणाले, "मी बसलो तर चालेल का? याला जरा झोप घेऊ दे."

सिस्टरांनी मान हलवली. मुलगा खुर्चीतून उठला तेव्हा मेहुण्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो लगेच काढून घेतला नाही. दोघेही काही बोलले नाहीत. मग शर्ट काढून मेहुणे परेडला बसावे तसे ताठ बसले आणि दोन तास हलले नाहीत.

नातू आता घरी आहे. मावशींच्या पायांवर पालथा पडला, की सारी आळी जागी होईल असे भोकांड पसरतो.