गरम पाण्याचा गच्चीवरचा हिशेब

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत पंधरा-वीस वर्षं जुन्या इमारतीच्या गच्चीवर गेलं, की सौर बंब बहुतेक दिसतोच. या दोन्ही महापालिकांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच नव्या इमारतींना तो सक्तीचा केला. पुढे केंद्र सरकारच्या ‘सौर शहर’ योजनेतही दोन्ही शहरं आली. ही दूरदृष्टीच होती, आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण बंब बसवायची सक्ती झाली, तशी तो चालता ठेवायची कोणावर झाली नाही. नळ्या फुटतात, टाकीला गंज चढतो, आणि घरोघरी तीन किलोवॅटचे छोटे गिझर लागत जातात.

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीचंही हेच झालं होतं. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेलचं पाणी मिसळावं लागतं. त्यातले क्षार सौर बंबाच्या नळ्यांत साचत गेले. जून ते सप्टेंबर ऊन नाही. बरं, पाणी लागतं ते पहाटे. सव्वासहाची लोकल पकडणारा माणूस साडेपाचला नळ सोडतो, तेव्हा रात्रभर पाइपात थांबून गार झालेलं पाणी आधी येतं. ते गरम होईपर्यंत अर्धी बादली मोरीत जाते, आणि टँकरच्या पाण्याचे पैसे देणाऱ्यांना ती अर्धी बादली फार बोचते.

वार्षिक सभेत बंब बदलायचा विषय निघाला आणि एका सभासदाने हीट पंपाचं नाव घेतलं. मागून लगेच प्रश्न आला, “अहो, गच्चीवर अजून एक मशीन कशाला?” समितीतल्या आम्हा काही जणांवर माहिती काढायचं काम आलं.

हीट पंप म्हणजे उलट्या कामाचा फ्रीज. फ्रीज आतल्या भाजीपाल्याची उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्याला देतो. गिझरची कांडी विजेचीच उष्णता करते, त्यामुळे एका युनिट विजेतून फार तर एक युनिट उष्णता मिळते. इथे वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवते, उष्णता हवेतून येते. म्हणून एका युनिटमागे साधारण तीन ते चार युनिट उष्णता पाण्यात उतरते. जपानमध्ये 2001 पासून ‘इकोक्यूट’ या नावाने घरगुती हीट पंप विकले जातात, आणि ते कडक हिवाळ्यातही चालतात.

आपल्याकडची हवा तर या यंत्राला फारच मानवते. थंड प्रदेशात त्याच्या कॉइलवर हिम धरतं आणि ते वितळवण्यात वीज जाते. खाडीकाठच्या डोंबिवलीत तो प्रश्नच नाही. उलट दमट हवा कॉइलवर गार होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि त्या वेळी सुटणारी उष्णताही पंप उचलतो. सौर बंब रुसतो त्याच पावसाळ्यात हा नेटाने काम करतो. फक्त ठिबकणारं पाणी वाहून न्यायला नळी हवी, आणि यंत्राखाली रबराचे गट्टू हवेत, नाहीतर वरच्या मजल्यावरच्यांना झोप लागायची नाही.

एवढं वाचून प्रत्येकाने आपापल्या फ्लॅटसाठी पंप घ्यायला धावावं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. आपल्याकडे नळाचं पाणी मुळात फार गार नसतं. 26 अंशांचं पाणी 42 अंशांवर न्यायचं, वीस लिटरची एक बादली, घरात माणसं चार. याला दिवसाला जेमतेम दीड युनिट लागतं, म्हणजे महिन्याला 45. हीट पंपाने ते 15 वर येईल. वाचले 30 युनिट. कोणाचं बिल 300 युनिटांच्या वरच्या टप्प्यात जात असेल तर ते जाणवतील. पण गिझरच्या कितीतरी पट किमतीचं यंत्र एवढ्या बचतीवर लवकर फिटत नाही. बादलीने आंघोळ करणाऱ्या कुटुंबाने आधीच काटकसर केलेली असते. जिथे रोज हजारो लिटर लागतं, ती रुग्णालयं, वसतिगृहं, हॉटेलं यांनी मात्र हा विचार पुढे ढकलू नये.

मोठी सोसायटीही या मोठ्या गिऱ्हाइकांत मोडते, पण तिथे पाइप आडवा येतो. नळ सोडताच गरम पाणी यावं म्हणून ते पाइपातून सतत फिरवत ठेवायची पद्धत आहे. तीनशे मीटरचा फेरा आणि चांगलं आवरण असूनही मीटरमागे आठ वॉट उष्णता गेली, असं धरा. दिवसाला सुमारे 58 युनिट उष्णता भिंतींना दिली जाते. शंभर घरांच्या आंघोळीची गरज दीडशे युनिटांची! आवरण फाटलेलं असेल तर पुढचं बोलायलाच नको. आमच्या गच्चीवर ते उन्हाने भुगा होऊन लोंबत होतं, आणि ज्या कंत्राटदारांनी पंपाचे दर दिले, त्यांच्यापैकी एकाच्याही कागदात पाइपाचा उल्लेख नव्हता. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. यंत्र उत्तम असेल, पण जुन्या पाइपाला जोडलं तर बिल कमी होणार नाही आणि दोष यंत्राला लागेल.

शेवटी ए विंगपुरतं काम झालं. आवरण नवं घातलं, फिरत्या पाण्याला टायमर लावून ते पहाटेच्या काही तासांपुरतंच ठेवलं. धड राहिलेल्या सौर नळ्या साफ करून ठेवल्या. ऊन असेल तेव्हा त्या पाणी कोमट करतात आणि उरलेलं काम पंप करतो. पंप दुपारी चालतो, कारण तेव्हा हवा सगळ्यात उबदार असते. पाणी पहाटेपर्यंत जाड आवरणाच्या टाकीत टिकतं. महावितरणने 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळच्या विजेवर युनिटमागे 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सवलत दिली. दुपारी पाणी तापवून ठेवणाऱ्यांना ही वेळ सोयीचीच. गच्चीच्या उरलेल्या भागात पीएम सूर्यघर योजनेतून वीज करायचा विचारही सुरू आहे. गृहसंस्थांना त्यात किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे.

पंपाला वेगळा मीटर लावायचा आग्रह एका निवृत्त रेल्वे कर्मचारी काकांनी धरला आणि तो पार पाडला. त्या मीटरचे आकडे दर महिन्याला सूचनाफलकावर लागतात, त्यामुळे जिन्यातल्या चर्चा अंदाजांवर चालत नाहीत. बी विंगचा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत यायचा आहे, आणि त्यात पंपाच्या किमतीच्या आधी पाइपाच्या आवरणाचा खर्च लिहिलेला आहे.