रंधा घेतला हाती

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की तुमच्या घरातले एखादे दार अडते का? आमच्या न्हाणीघराचे अडायचे. आत गेलेला माणूस आतच, आणि मग बाहेरून कोणीतरी खांद्याने ढकलायचे! सुताराला निरोप धाडावा, तर तो "येतो वहिनी, उद्या येतो" म्हणे आणि दसरा उजाडला तरी फिरकत नसे. त्याला तरी काय बोलायचं? पूर्वी गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षाचे धान्य ठरलेले, मग औत मोडो की दार अडो, हाक मारली की यायचा. आता त्याला सबंध फ्लॅटचे फर्निचर मिळते. एका दाराचे दोन सूत लाकूड काढायला कोण येणार?

तेव्हा मनात आले, आपणच का नाही?

तुम्ही म्हणाल, हे काय बाईचं काम आहे? अहो, विळीवर सुरण चिरणारा आणि अडकित्त्याने सुपारी कातरणारा हात धारेला भितो थोडाच! पण आपल्याला कोणी शिकवलंच नाही. आमच्या शाळेत मुलांना सुतारकाम आणि आम्हा मुलींना शिवणकाम असे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा आग्रह धरला, आणि पुढे झाकीर हुसेन समितीच्या आराखड्यात सूतकताईच्या बरोबरीने लाकूडकामही आले. आमच्या वर्गापर्यंत मात्र त्यातले टीप आणि हेमच तेवढे पोचले.

घरात मी हा विचार बोलून दाखवला. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बोटं सांभाळ." सासूबाईंना मात्र मुळीच रुचले नाही. "बाईमाणसानं रंधा मारायचा? लोक काय म्हणतील?" लोक काय, दोन दिवस म्हणतात!

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री राहतात. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी काम सोडले होते. त्यांच्याकडे गेले. आधी ते हसले, मग म्हणाले, "बाई, रंधा मारायचं मागाहून. आधी धार लावायला शिका." आठ दिवस मी नुसती पटाशी घासत होते! दुकानातून आणलेली नवी पटाशी लाकडाला लावण्याजोगी नसते, हे मला तिथे कळले. दगडावर पाण्याचे चार थेंब टाकायचे, पटाशीची उतरती बाजू नीट टेकवायची आणि कोन न हलवता घासत राहायचे. पाठीला बोटाला खरखरीत लागेल अशी बारीक कोर आली की पाठ अगदी सपाट धरून ती कोर काढायची. झाली धार. बोथट हत्यारच जास्त घातकी, कारण आपण जोर लावतो आणि ते सटकते. मिस्त्रींचा दुसरा नियम म्हणजे डावा हात कधीही पटाशीच्या तोंडासमोर न्यायचा नाही. हा मी आजही स्वतःशी पुटपुटते. आणि विजेचे यंत्र वापरायचे असेल तर पदर खोचून, बांगड्या काढून आणि केस घट्ट बांधूनच.

हत्यारांची पेटी आणायला धावू नका. करवत, रंधा, एक पटाशी, हातोडी, काटकोन पाहायला गुण्या आणि धारेचा दगड एवढ्यावर वर्षभर निघते. माप सुताराचे शिका. इंचाचे आठ भाग, प्रत्येक भाग एक सूत. शिवणाऱ्या बाईला हे जड नाही. करवतीचे पाते स्वतःच थोडे लाकूड खाते, म्हणून रेघेवर कापायचे नाही, रेघेच्या बाहेरच्या अंगाने कापायचे. शिवणीसाठी कापड सोडतो, तसेच हे! मात्र कापड कमी पडले तर ठिगळ खपून जाते, लाकडाचे लपत नाही.

आता त्या दाराची गोष्ट. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते, पण रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार वरखाली अडण्यापेक्षा कडेला अडते. भर पावसात ते सैल होईपर्यंत रंधले, तर उन्हाळ्यात बोटभर फट पडणार. म्हणून जिथे घासल्याची खूण दिसते तिथेच रंध्याचे चार हात मारायचे. मग दार कोरड्या दिवसांत उतरवून त्याच्या वरच्या आणि खालच्या कडांना तेल किंवा वॉर्निश द्यायचे. त्या कडा रंगवायच्या राहतात आणि ओल तिथूनच आत शिरते. तुमच्याकडची दारे एकदा वरून हात फिरवून पाहा. बहुतेक कोरडीच निघतील.

पहिली वस्तू कोणती करावी? माझे मत विचाराल तर पाट. एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. पण गंमत अशी की, या साध्या पाटात सगळे सुतारकाम भरलेले आहे. फळीचे तंतू उभे, पट्ट्यांचे आडवे. पट्टी फेव्हिकॉलने पुरी चिकटवून टाकली, तर पावसाळ्यात फळी फुगू पाहते, पट्टी तिला सोडत नाही. पुढे उन्हाळ्यात ती आकसते आणि तडकते. म्हणून मधला स्क्रू घट्ट करायचा आणि टोकांकडच्या स्क्रूंची पट्टीतली भोके जरा लांबट ठेवायची. हे ऐकले तेव्हा मी मनात म्हटलं, वाढत्या मुलीचं झंपर शिवताना आपण कापड आत दाबून ठेवतो, तसंच की! प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे त्याला हा त्रास नाही. पण पाट प्लायवूडचा? माझा तरी जीव होत नाही.

लाकूड वखारीतून आणा किंवा माळ्यावर मोडका पलंग पडला असेल तर त्याची फळी घ्या. जुने सागवान मुरलेले असते. फक्त खिळे सगळे उपटा, नाहीतर रंध्याच्या पात्याची वाट लागेल. नवा साग घेताना गाभ्याचे तपकिरी लाकूड मागा. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी धरते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाची कीर्ती अशी, की २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून लाकूड गेले. मला मिळाला तो दीड हाताचा तुकडा, पण त्याचा वास घरभर पसरला होता. रंधा तंतूंच्या कलाने चालला की सालपटे गुंडाळून निघतात. उलटा चालला की मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसे लाकूड उसकते. शेवटी काचकागद, आधी जाड मग बारीक, आणि वरून जवसाचे तेल. एक सावधगिरीची सूचना: तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

पाट झाला त्या दिवशी मला काय वाटले ते सांगते. तीस वर्षे रांधले, ते खाऊन संपले. धुतले, ते पुन्हा मळले. सारवले, पुसले, पुन्हा पुसले. केलेले काम संध्याकाळी तसेच जागेवर दिसणे हे मला नवीन होते. मी तो पाट रात्री दोनदा उठून पाहिला!

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांचे जमिनीवर बसणे सुटले होते. देवापुढे त्या भिंतीला धरून उभ्या राहत आणि लवकरच दमत. चार दिवसांनी दुपारी मी एकटी असताना त्या हळूच म्हणाल्या, "मला उठबस करता येईल एवढं उंच काही करशील? कोणी हात न देता."

दुकानातल्या एका ठराविक उंचीने भागणार नव्हते. त्यांना खुर्चीत बसवून, पावले टेकवून, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत माप घेतले आणि त्यावर इंचभर वाढवले. पाय किंचित बाहेर झुकते ठेवले, म्हणजे रेटून उठताना बैठक उलटायची नाही. पायांना कुसू आणि बैठकीला खाच, हे मिस्त्रींनी शेजारी बसून करवून घेतले. नजर अधू, पण सांधा सैल आहे की घट्ट ते ते ठोकण्याच्या आवाजावरून सांगत! चार पाय एका पातळीत आणायला बैठक सपाट फरशीवर ठेवली, हलणाऱ्या पायाखाली कागदाच्या घड्या सारून ती स्थिर केली, आणि मग पेन्सिल एका ठोकळ्यावर धरून चारही पायांभोवती सारख्या उंचीची रेघ ओढली. त्या रेघेवर कापले की डगमग नाही.

आता त्या सकाळी स्वतः बसतात, पोथी वाचतात आणि स्वतः उठतात. शेजारच्या वहिनींना त्यांनीच सांगितले असावे, कारण कालच वहिनी पोळपाट घेऊन आल्या. त्याचा एक पाय हलतो. दुरुस्तीला ठेवून घेतला आहे.