दोन उणे चिन्हं

डेटाबेसच्या कामात नव्यानं आलेल्या मुलांना मी सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. बाहेरून आलेलं मूल्य क्वेरीच्या मजकुरात हातानं चिकटवायचं नाही. तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि मूल्य पॅरामीटर म्हणून वेगळं द्यायचं. जेफ फॉरिस्टल यांनी १९९८च्या डिसेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे मूल्याच्या आडून आज्ञा घुसवण्याची, युक्ती उघड केली. तिच्यावरचा सगळ्यात भरवशाचा उतारा म्हणून आमच्या पेशात हा नियम रुळला. तो मी इतक्या लोकांना शिकवला आहे की त्याच्याकडे पुन्हा वळून बघावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये बघावं लागलं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमधली एक त्रुटी जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०२४-१५९७. ती ‘सोनार’ या कंपनीचे संशोधक पॉल गर्स्टे यांनी शोधली होती. प्रश्नचिन्हाचा नियम काटेकोर पाळलेला असतानाही इंजेक्शन होऊ शकतं, असं त्या निवेदनात होतं. गांभीर्याचे गुण दहापैकी दहा. आमच्या टीममधली एक मुलगी निवेदन वाचून थेट माझ्या टेबलाशी आली. ‘मॅडम, आपण तर सगळीकडे प्रश्नचिन्हंच वापरतो ना? मग हे कसं?’

तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर ज्या थरात आहे, तिथे आमच्यापैकी फारच थोडे जण उतरतात. जावा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मध्ये ड्रायव्हर बसतो. प्रोग्राम त्याला क्वेरी देतो, मूल्यं देतो, आणि पुढे काय झालं याकडे बघतही नाही. पोस्टग्रेसशी बोलण्याच्या ड्रायव्हरकडे दोन रीती आहेत. एक्स्टेंडेड रीतीत प्रश्नचिन्हांच्या जागी डॉलर-एक, डॉलर-दोन अशा खुणा घातलेली क्वेरी ‘पार्स’ या संदेशातून जाते, मूल्यं त्यामागून ‘बाइंड’ या वेगळ्या संदेशातून जातात आणि मग ‘एक्झिक्यूट’चा हुकूम सुटतो. मूल्य हाती येईपर्यंत सर्व्हरनं क्वेरीची रचना वाचून पक्की केलेली असते, त्यामुळे मूल्यात काहीही भरलेलं असलं तरी रचना हलत नाही. २००३मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ७.४पासून ही सोय आहे आणि ड्रायव्हर आपणहून तीच वापरतो.

दुसरी रीत सिंपल. तिच्यात ड्रायव्हर स्वतःच प्रश्नचिन्हांच्या जागी मूल्यं लिहितो आणि सलग मजकूर सर्व्हरकडे धाडतो. म्हणजे जे हातानं करायचं नाही असं मी शिकवते, तेच ड्रायव्हर आपल्या वतीनं करतो. तो अवतरणचिन्हं नीट सांभाळतो, म्हणून एरवी बिघडत नाही. पण प्रोग्राममधली ओळ दोन्ही रीतींत अगदी तीच असते. कोड कितीही बारकाईनं वाचला तरी मागे कोणती रीत चालू आहे ते त्यात दिसत नाही.

खरी मेख उणे चिन्हात होती. समजा, क्वेरीत एका अटीत रकमेच्या जागी उणे चिन्ह आणि त्याला चिकटून प्रश्नचिन्ह आहे, असं: -?. पुढे त्याच ओळीत नावासाठी दुसरं प्रश्नचिन्ह. आता कुणी रक्कम म्हणून उणे एक दिलं. ड्रायव्हरनं आकडा होता तसा लिहिला आणि मजकूर झाला --१. उणे उणे अधिक, हे आपण शाळेत घोकलेलं. क्वेरी लिहिणाऱ्याच्या मनातही तेच असतं. एसक्यूएलमध्ये मात्र लागोपाठ दोन उणे चिन्हं आली की तिथून ओळ संपेपर्यंतचा मजकूर टिप्पणी ठरतो आणि सर्व्हर तो सोडून देतो.

त्या सोडून दिलेल्या भागात नावाचं सुरुवातीचं अवतरणचिन्हही गेलं. हल्लेखोरानं नावाच्या मूल्यात पहिलंच अक्षर म्हणून नवी ओळ घातलेली असते. अवतरणात असती तर ती निव्वळ मजकूर राहिली असती. पण अवतरणच टिप्पणीत गडप झालेलं असल्यामुळे त्या नव्या ओळीवर टिप्पणी संपते आणि पुढचं सगळं सर्व्हर आज्ञा म्हणून वाचतो. शेवटी लोंबकळणारं बंद अवतरण गिळायला हल्लेखोर आणखी दोन उणे चिन्हं टाकतो. सिंपल रीतीत अर्धविरामानंतर दुसरी आज्ञाही चालते, त्यामुळे प्रकरण नुसत्या चोरून वाचण्यावर थांबेलच असं नाही.

मी हे तिला फळ्यावर लिहून दाखवलं, टिप्पणीचा भाग हिरव्या खडूनं आणि आज्ञा पांढऱ्यानं. दोन्ही मूल्यं निमूटपणे पॅरामीटर म्हणून दिलेली. अनेक वर्षं, अनेक हुशार माणसांच्या नजरेखालून गेलेला हा कोड आहे, आणि उणे चिन्हाशेजारी उणे आकडा आला तर काय, हा प्रश्न त्यात सुटून गेला होता. या शोधाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अशा गोष्टी दिसायला दोन अक्षरांच्या मधल्या रिकाम्या जागेकडेही संशयानं बघावं लागतं. ‘पीजीएक्स’ या गो भाषेतल्या ड्रायव्हरमध्येही हीच त्रुटी निघाली, सीव्हीई-२०२४-२७२८९ या क्रमांकानं.

दुरुस्ती सुटसुटीत आहे. आता ड्रायव्हर प्रत्येक मूल्य अवतरणात घालतो, त्याला प्रकाराचं नाव जोडतो आणि वरून कंसात ठेवतो. कंस मध्ये आल्यामुळे दोन उणे चिन्हं शेजारी येऊच शकत नाहीत. ४२.७.२ या आवृत्तीत हे आलं, आणि जुन्या शाखांवर अडकलेल्यांसाठी ४२.६.१, ४२.५.५, ४२.४.४, ४२.३.९ आणि ४२.२.२८ मध्येही. इतक्या मागच्या शाखांपर्यंत पॅच पोचवणं हे प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं मोठं काम आहे. ते कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगते.

आवृत्ती बदलणं झालंच पाहिजे. पण दहापैकी दहा गुण बघून धावाधाव सुरू झाली तेव्हा मी टीमला आधी एक शोध घ्यायला लावला: आपल्याकडे सिंपल रीत कुठे चालू आहे आणि का? ही त्रुटी नेमक्या त्या एका सेटिंगपाशी उगवते. सेटिंगचं नाव ‘प्रेफर क्वेरी मोड’. ते जोडणीच्या पत्त्याच्या शेपटाला असतं, जोडण्यांच्या पूलच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतं, कधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दडलेलं असतं. फाइली धुंडाळून समाधान होत नसेल तर सर्व्हरला विचारावं. थोडा वेळ ‘लॉग स्टेटमेंट’ चालू करून लॉग वाचला की सिंपल रीतीची ओळ ‘स्टेटमेंट’ या शब्दानं सुरू होते आणि मूल्यं क्वेरीतच भरलेली दिसतात. एक्स्टेंडेडची ओळ ‘एक्झिक्यूट’नं सुरू होते, क्वेरीत डॉलर-एक, डॉलर-दोन असतं आणि मूल्यं खाली वेगळ्या ओळीत. कॉन्फिगरेशनपेक्षा माझा या लॉगवर जास्त विश्वास आहे, कारण तारेवरून प्रत्यक्षात काय आलं ते सर्व्हरलाच ठाऊक.

ही सेटिंग कुणी उगाच लावत नाही, आणि मला सांगायचं आहे ते इथेच. तिची मुळं बहुतेक वेळा पीजीबाउन्सरपाशी सापडतात. हा मध्यस्थ थोड्या जोडण्यांवर पुष्कळ ग्राहक चालवतो. ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये प्रत्येक व्यवहाराला वेगळी जोडणी मिळू शकते. इकडे जेडीबीसी ड्रायव्हर एकच क्वेरी पाचव्यांदा चालवताना तिला सर्व्हरवर एस-१ असं नाव देऊन ठेवतो. पुढच्या वेळी जोडणी दुसरीच निघाली की सर्व्हर म्हणतो, एस-१ नावाचं काही इथे नाही. चाचणीत सगळं सुरळीत, आणि प्रॉडक्शनवर थोड्या वेळानं हा एरर. रात्री-अपरात्री त्याच्याशी झुंजणाऱ्याला सिंपल रीत हा सोपा मार्ग वाटतो. सेटिंग लागते, एरर थांबतो, सगळे झोपायला जातात.

त्याच एररवर त्याहून बरा उपाय होता. ‘प्रिपेअर थ्रेशोल्ड’ शून्य केलं की ड्रायव्हर नावं ठेवणं सोडतो, पण क्वेरी आणि मूल्यं वेगळीच पाठवत राहतो. शिवाय ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या पीजीबाउन्सर १.२१नं ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्येही प्रिपेअर्ड स्टेटमेंट सांभाळायची सोय दिली. म्हणजे त्रुटी जाहीर झाली तेव्हा अनेक ठिकाणी ही सेटिंग लावण्याचं कारण उरलंच नव्हतं, आणि सेटिंग मात्र फाइलमागून फाइलमध्ये उतरवली जात होती. नव्या सर्व्हिसला जुन्या सर्व्हिसचं कॉन्फिगरेशन द्यायचं, ही सगळीकडची पद्धत आहे. सुरक्षिततेशी तडजोड करणारी सेटिंग लावावी लागली, तर ती का लावली आणि कधी काढता येईल, हे त्याच फाइलमध्ये तिच्या शेजारी लिहिलेलं हवं. आमच्याकडे आता अशी ओळ नसेल तर रिव्ह्यू पुढे सरकत नाही. यावरून माझी वादावादी होते, आणि ती मी यापुढेही करीन.

नवी आवृत्ती बसवून होईपर्यंत एक्स्टेंडेडवर परत जाणं हाच खरा आडोसा. उणे चिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांच्यात जागा सोडली तरी हा विशिष्ट हल्ला फसतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. ओआरएम स्वतः क्वेरी रचताना ती जागा खाऊन टाकू शकतं. आणि अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेस खात्याला टेबल पाडायचे अधिकार असतील तर ते आजच काढावेत, ड्रायव्हर कोणताही असो. जुन्या जार फाइली शोधताना फक्त आपला प्रकल्प बघून भागत नाही. विकत घेतलेल्या रिपोर्टिंग टूलच्या लिब फोल्डरमध्ये ड्रायव्हरची वेगळी प्रत असते, आणि ती मेव्हनच्या यादीत येत नाही.

एक्स्टेंडेड रीतही अभेद्य नाही. गर्स्टे यांनी २०२४च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत तिच्यातलीच फट दाखवली. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याची लांबी ३२ बिटांत लिहिलेली असते. संदेश ४ जीबीच्या पुढे गेला आणि ड्रायव्हरनं तपासलं नाही, तर लांबीचा आकडा गुंडाळून पुन्हा लहान होतो आणि मूल्याचा उरलेला भाग सर्व्हरला पुढचा संदेश वाटतो. पीजीएक्समध्ये हे घडू शकत होतं, ४.१८.२ आणि ५.५.४ मध्ये ते मिटवलं. ते वाचल्यावर आम्ही आमच्या गेटवेवर येणाऱ्या विनंत्यांच्या आकाराची मर्यादा तपासायला घेतली. फाइल अपलोडसाठी ती जिथे उठवलेली आहे, त्या वाटा सध्या एकेक करून बघतो आहोत.