एकच पेडल

गिटार वाजवायची हातांनी, मग पायाखाली डब्या कशाला? माझ्या मास्तरी बुद्धीला हे पटेना. केळीचे पैसे आले, तेही एकाच डबीपुरते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, प्रतिध्वनीची नको, डिस्टॉर्शनची घेऊ. आधी स्वर तर फाटू द्या!" ध्वनिलहरींचे माथे छाटले की स्वर खरखरतो. गिब्सनने १९६२ साली माएस्ट्रो फझ-टोन काढले ते यासाठीच. पैसे मोजून स्वर फाडायचा! मी हसलो.

मग वडिलांचा तंबोरा आठवला. जव्हारीवर सुताचा दोरा ते केसभर सरकवीत, आणि मुकी तार झणाणून उठे. पहिल्या कादंबरीच्या छपाईपायी तो मीच विकला. मुलाला हे अजून सांगितलेले नाही. डबी मात्र त्याच्याच पसंतीची मागवली.