सेन नदीचे पाणी : आज उतरावे का?

व्यापारानिमित्त अँटवर्पला गेलेली कुटुंबे एखाद्या दिवसाची सवड काढून पॅरिसही पाहून येतात. रेल्वेने ते अंतर दोन तासांच्या आसपास आहे. आयफेल मनोरा, लूव्रचे संग्रहालय आणि संध्याकाळी सेन नदीतील नौकाविहार, असा या फेरीचा क्रम ठरून गेलेला असतो. आपल्या वृत्तपत्रांतून जिचे नाव ‘सीन’ असे छापून येते, तीच ही नदी. ती नौकेतून पाहावी, पुलावरून पाहावी, काठावरच्या जुन्या पुस्तकांच्या पेट्या चाळताना तिच्याकडे मधूनच नजर टाकावी. पण तिच्या पाण्यात उतरू नये, असा दंडक १९२३ पासून जवळजवळ शंभर वर्षे चालत आला होता.

२०२५ च्या उन्हाळ्यात तो बदलला. ५ जुलै रोजी शहराने तीन ठिकाणी नदी पोहण्यासाठी लोकांना खुली केली. पहिले ठिकाण नोत्र-दामच्या चर्चपासून सहज चालत जाता येईल असे, सेंट लुई बेट आणि उत्तरेचा काठ यांच्यामधल्या चिंचोळ्या प्रवाहात, मारी पुलाजवळ. दुसरे ग्रेनेलला, आयफेल मनोऱ्याच्या खालच्या अंगाला, हंसांच्या बेटालगत. तिसरे शहराच्या पूर्व टोकाकडे बेर्सीला. समोरच्या तीरावर राष्ट्रीय ग्रंथालयाचे चार उंच मनोरे उभे आहेत. प्रवेशाला पैसे नाहीत. उतरायला शिड्या आहेत, जीवरक्षक आहेत आणि पोहणाऱ्याने कमरेला दोरीने पिवळा फुगा बांधून घ्यायचा असतो. पहिल्या दिवशी लोक हौसेने पाण्यात उतरले. दुसऱ्याच दिवशी पाऊस झाल्यामुळे पोहणे थांबवावे लागले.

बाहेरगावच्या प्रवाशाला हे विचित्र वाटते. पाऊस थांबला आहे, ऊन पडले आहे, पाणी काल होते तसेच दिसते आहे. मग काठावर लाल ध्वज कशासाठी? त्या ध्वजामागे एक आकडा असतो. शंभर मिलिलिटर पाण्यात, म्हणजे अर्ध्या पेल्याइतक्या पाण्यात, विशिष्ट जिवाणू किती, हे तो आकडा सांगतो. त्यात मेख अशी, की प्रयोगशाळेतून हाती येणारा हा आकडा नेहमी कालच्या पाण्याचा असतो.

मोजणी मुख्यत्वे दोन प्रकारच्या जिवाणूंची होते. एक ई. कोलाय, दुसरा एन्टेरोकोकाय. दोघांचेही मूळ घर माणसाच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात असते. ई. कोलायचे बहुतेक प्रकार स्वतः फारसे अपायकारक नाहीत. ते साक्षीदार म्हणून मोजले जातात. ते पाण्यात सापडले, की त्या पाण्यात मैला मिसळला आहे आणि त्याच्याबरोबर जुलाब, कान-डोळ्यांचे व त्वचेचे विकार घडवणारे इतर जंतूही आले असतील, असे धरून चालावे लागते. प्रत्येक रोगजंतू वेगळा शोधत बसणे खर्चाचे आणि वेळखाऊ असल्याने हा साक्षीदार सोयीचा ठरला.

मोजण्याच्या जुन्या पद्धतीत पाणी गाळतातच. पाणी गाळून पिण्याची शिस्त पिढ्यान् पिढ्या पाळणाऱ्या घरांना यात ओळखीचे काही वाटेल. ई. कोलाय हा जिवाणू लांबीला साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. दुहेरी कापडातूनही तो सहज निसटतो. प्रयोगशाळेतल्या पातळ पापुद्र्याची छिद्रे मात्र ०.४५ मायक्रॉनची असतात. पापुद्र्यावर अडकलेले जिवाणू पोषक द्रव्यावर ठेवून उबेत वाढू दिले जातात. एकेका जिवाणूची वाढून डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत होते, आणि मग ते ठिपके मोजले जातात. दुसऱ्या पद्धतीत पाणी अनेक लहान कप्प्यांत घालून ज्यांत चमक येते ते कप्पे मोजतात. पद्धत कोणतीही असो, जिवाणूंना वाढायला वेळ द्यावाच लागतो. एक दिवस, कधी त्याहून अधिक. तेवढ्या वेळात बाटलीत भरलेल्या पाण्याचे नदीतले सोबती कितीतरी मैल पुढे, नॉर्मंडीच्या वाटेला लागलेले असतात.

कालच्या भावाने आजचा सौदा कोणी करत नाही. नदीकाठच्या अधिकाऱ्यावर मात्र रोज सकाळी तीच वेळ येते. म्हणून तो हातातल्या आकड्याशेजारी इतर खुणा मांडतो: रात्री पाऊस किती झाला, वरच्या अंगाला किती झाला, प्रवाह किती चढला, पाणी किती गढूळ आहे. या सर्वांवरून आजच्या पाण्याचा अंदाज बांधला जातो. काही तासांत उत्तर देणारी स्वयंचलित उपकरणेही आता नदीत बसवता येतात, ई. कोलायमधील एका विशिष्ट विकरामुळे द्रावणात चमक येते, ती ही उपकरणे टिपतात. तरीही ध्वजाचा निर्णय हा अखेर अंदाजच असतो, आणि तो दरवाजा उघडण्याआधी करायचा असतो.

या हिशेबात पाऊस एवढा निर्णायक का, याचे उत्तर पॅरिसच्या पोटात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॅरन ओस्मान याने शहराची नवी आखणी केली, तेव्हा त्याचा अभियंता बेलग्रां याने रस्त्यांखाली भुयारी गटारांचे प्रचंड जाळे बांधले. पुढे ते वाढत वाढत अडीच हजार किलोमीटरच्या घरात गेले. घरांचे मैलापाणी आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी यांना त्यात एकच वाट आहे. कोरड्या दिवसांत सारे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. मोठी सर आली की भुयारे तुडुंब भरतात, आणि ते पाणी तळघरांतून वर येऊ नये म्हणून ठिकठिकाणचे दरवाजे उघडून नदीत सोडले जाते. जुन्या अभियंत्यांच्या दृष्टीने ही चूक नव्हती, सोय होती. आल्मा पुलाजवळच्या गटार संग्रहालयात हे जाळे आत उतरून पाहता येते. नाकाला रुमाल लावावा लागतो, पण पॅरिसमध्ये इतके शिकवणारे दुसरे संग्रहालय विरळा.

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ या १८६२ च्या कादंबरीत नायक एका जखमी तरुणाला खांद्यावर घेऊन गटारांतून जातो, ती गटारे या जाळ्याच्याही आधीची. तिथे ह्यूगो कथानक थांबवून चक्क हिशेब मांडतो. शेतांना मिळावे असे खत पॅरिस नदीत सोडते आणि त्यापायी दर वर्षी अडीच कोटी फ्रँक अक्षरशः पाण्यात जातात, असे त्याचे गणित होते. कादंबरीकाराने असा रोकडा ताळेबंद द्यावा, हे व्यापारी घरातल्या वाचकाला आवडून जावे.

नदी शुद्ध करण्याची आश्वासने पुष्कळ झाली. १९९० मध्ये तेव्हाचे महापौर जाक शिराक यांनी तीन वर्षांत आपण साक्षीदारांसमक्ष सेन नदीत पोहून दाखवू, असे जाहीर केले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. पोहणे राहून गेले. काम खऱ्या अर्थाने हलले ते २०२४ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळाल्यावर. सुमारे १.४ अब्ज युरो खर्च झाले. त्यातला डोळ्यांत भरणारा भाग म्हणजे ऑस्टरलिट्झ रेल्वे स्थानकाशेजारी जमिनीखाली बांधलेली गोल टाकी. ३० मीटर खोल, ५० मीटर रुंद आणि पोटात जवळजवळ पाच कोटी लिटर पाणी सामावणारी. पावसाचा जोर असेपर्यंत गटारांचे पाणी तिच्यात थोपवून धरायचे आणि नंतर सावकाश शुद्धीकरणाकडे पाठवायचे.

टाकीचे छायाचित्र वृत्तपत्रांत छापता येते. बाकीच्या कामाचे येत नाही, आणि किचकट तर तेच होते. नदीच्या व तिला मिळणाऱ्या मार्न नदीच्या वरच्या भागात हजारो घरांचे मैलापाणी चुकून पावसाच्या नळाला जोडलेले होते. ते जोड घरोघर जाऊन शोधावे लागले, मालकांची समजूत घालून बदलावे लागले. काठाला नांगरलेल्या, माणसे राहत असलेल्या नौकांना गटारजोडणी सक्तीची झाली. वालांतों आणि न्वाझी-ल-ग्रां येथील शुद्धीकरण केंद्रांत शेवटच्या टप्प्यावर जंतुनाशनाची सोय केली गेली. एकीकडे परफॉर्मिक आम्लाने, दुसरीकडे अतिनील किरणांनी. पॅरिसच्या पाण्याचा निकाल बराचसा पॅरिसच्या बाहेर, कोणाच्या तरी मोरीच्या नळाशी लागतो.

एवढे करून २०२४ च्या जूनमधील आकडे मर्यादेच्या वारंवार वर गेले. त्या वर्षी पाऊस जास्त झाला होता आणि नदीचा प्रवाहही उन्हाळ्याच्या मानाने जोराचा होता. जुलैच्या मध्यावर पाणी सुधारले. १७ जुलैला महापौर आन इदाल्गो नदीत पोहल्या. २६ जुलैला उद्घाटनाचा सोहळा नदीवरच झाला आणि नेमका त्याच रात्री धो धो पाऊस कोसळला.

ट्रायथलॉनचा पोहण्याचा टप्पा सेन नदीतच व्हायचा होता. ई. कोलायची मर्यादा शंभर मिलिलिटरमागे १००० होती. २८ आणि २९ जुलैचा पोहण्याचा सराव रद्द झाला. ३० जुलैला सकाळी आठ वाजता पुरुषांची शर्यत. वर्षानुवर्षे तयारी केलेले खेळाडू, जगभरच्या दूरचित्रवाणीची आखलेली वेळ, एका राष्ट्राची प्रतिष्ठा हे सारे एका पारड्यात. दुसऱ्यात प्रयोगशाळेचा कागद. पहाटे आयोजकांनी शर्यत दुसऱ्या दिवसावर ढकलली. ३१ जुलैला आकडे मर्यादेत आले आणि महिला व पुरुष अशा दोन्ही शर्यती एकाच सकाळी पार पडल्या. पुष्कळांनी याला पॅरिसची नाचक्की म्हटले. खरे पाहता त्या आठवड्यात पॅरिसने सर्वांत भरवशाची गोष्ट केली असेल तर ती हीच. जो ध्वज कधीच लाल होत नाही, त्याच्या हिरव्या रंगाला काय किंमत?

चार दिवसांनी बेल्जियमचा संघ आपली खेळाडू आजारी पडल्याने मिश्र रिले शर्यतीतून बाहेर पडला, आणि बोट लगेच नदीकडे गेले. तपासणीत विषाणू आढळला, ई. कोलाय नव्हे, असे त्या खेळाडूने पुढे स्वतः स्पष्ट केले. तो कुठून आला, हे कोणत्याही आकड्यावरून ठरण्यासारखे नव्हते. दोन जिवाणू मोजले म्हणजे सगळा धोका मोजला, असे होत नाही. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू या मोजणीत धरलेलाच नाही. त्याचे नाव मुंबईकरांना २००५ च्या महापुरानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

युरोपीय संघाचा २००६ चा नियम आणखी एका दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एखादी स्नानाची जागा ‘उत्तम’, ‘चांगली’, ‘पुरेशी’ की ‘निकृष्ट’, हे तो चार हंगामांच्या आकड्यांवरून ठरवतो. किमान सोळा नमुने त्यासाठी लागतात. हा चार वर्षांचा ताळेबंद झाला. पेढीची पत त्यावरून कळते. आज गल्ल्यात किती आहे ते कळत नाही. चार हंगाम ‘चांगली’ ठरलेली जागाही वादळी सरीनंतरच्या सकाळी वाईट असू शकते. म्हणून वर्गवारीचा फलक एकीकडे आणि रोजचा ध्वज दुसरीकडे, अशी दुहेरी व्यवस्था लागते.

आपल्याकडेही स्नानयोग्य पाण्याचा निकष आहे. मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू शंभर मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असणे इष्ट, आणि कमाल २५००. कोलिफॉर्म हा गट ई. कोलायहून व्यापक असल्याने पॅरिसच्या आकड्यांशी त्याची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. नाशिकला गोदावरीचे आणि कोल्हापूरला पंचगंगेचे पाणीही तपासले जाते. तो आकडा महिन्याच्या अहवालात जातो. पहाटे घाटाची पायरी उतरणाऱ्याला तो कोणी दाखवत नाही.

पॅरिसला जाऊन पोहण्याची इच्छा असलेल्याने जुलै-ऑगस्ट गाठावा. २०२५ चा हंगाम ३१ ऑगस्टपर्यंत होता. शहराकडून तीनही ठिकाणांची त्या दिवसाची स्थिती प्रसिद्ध होते, ती निघण्यापूर्वी पाहावी. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर तो बेत पुढे ढकलून संग्रहालय उरकून घ्यावे. अंगावर उघडी जखम असल्यास उतरू नये, पाणी तोंडात जाऊ देऊ नये आणि बाहेर येताच स्वच्छ पाण्याने अंग धुवावे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी वयाची व पोहता येण्याची अट आधी विचारून घ्यावी. मारी पुलाजवळचा प्रवाह अरुंद असल्याने काठावर बसणाऱ्यांनाही पोहणारे अगदी जवळून दिसतात. घरातले निम्मे लोक पाण्यात आणि निम्मे सावलीत डबा उघडून बसले, तरी दोघांनाही एकमेकांशी बोलता येते.